गुन्ह्यांचे आकडे आणि मालकाची जबाबदारी: नुसता स्कोअर बघून काय कळतं?

आकडेमोड

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. माझं काम असं की एखादी अपार्टमेंट बिल्डिंग, मॉल, मोटेल, पार्किंग लॉट घ्यायचा आणि तिथं गुन्हा घडायची शक्यता किती, आणि उद्या घडलाच तर मालकाच्या गळ्यात किती पडेल, हे आकड्यांवरून सांगायचं. संदर्भ अमेरिकेतला, कारण जागेवर गुन्हा घडला म्हणून मालकाकडून भरपाई मागणारे दावे तिथं भरपूर चालतात, निग्लिजंट सिक्युरिटी (सुरक्षेत हयगय) म्हणतात त्याला. आकड्यांच्या भानगडी मात्र कुठंही गेलात तरी त्याच.

होतं काय, क्लायंट येतो तेव्हा त्याच्या हातात आधीच एक चकचकीत रिपोर्ट असतो. वर गुन्ह्याच्या धोक्याचा एक ठसठशीत आकडा म्हणजे स्कोअर, खाली लाल-पिवळा नकाशा. आणि प्रश्न ठरलेला, 'आमचा स्कोअर एवढा आलाय, म्हणजे आम्ही डेंजर का?' अहो हा स्कोअर तुमच्या परिसराचा आहे, तुमच्या जागेचा नाही! असे बरेच स्कोअर लोकसंख्या, घरांची स्थिती, उत्पन्न असल्या माहितीवरून मॉडेलनं काढलेले असतात, तुमच्या गेटच्या आत गेल्या दोन वर्षांत काय घडलं ते त्यात असेलच असं नाही.

आणि परिसर आणि जागा ह्यात किती फरक पडतो ते बघा. १९८९ साली शर्मन, गार्टिन आणि बर्गर ह्या तीन संशोधकांनी मिनियापोलिस शहरातले पोलिसांना आलेले सव्वातीन लाखांच्या आसपास कॉल्स पत्त्यानुसार लावले, तर निम्मे कॉल्स जेमतेम ३ टक्के जागांवरून आलेले निघाले. म्हणजे ज्याला आपण 'वाईट एरिया' म्हणून नाक मुरडतो तिथलेही बहुतेक पत्ते वर्षभर शांत असतात, आणि चांगल्या एरियात एखादंच मोटेल असं असतं की पोलिसांची गाडी तिथून हलतच नाही. विमा कंपन्या, वकील, मालक सगळे एरियाचा आकडा धरून भांडत बसतात आणि खरी माहिती पत्त्याच्या पातळीवर पडून असते. ह्यावर चर्चा व्हावी म्हणून धागा.

---

चौथा मजला

वाचनखूण साठवली आहे. मी एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या व्यवस्थापनात आहे म्हणून विचारते. पोलिसांच्या वेबसाइटवर नकाशा असतो, त्यात आपला पत्ता टाकायचा, अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढायचं, ठिपके मोजायचे, असं आम्ही दरवर्षी करतो आणि मीटिंगमध्ये दाखवतो. हे बरोबर आहे का अगदीच बिनकामाचं?

---

आकडेमोड

चौथा मजलाताई, बिनकामाचं नाही, पण ठिपके मोजण्याआधी ठिपका तिथं का पडला ते विचारायचं.

आधी जागा. ज्या नोंदीचा पत्ता सॉफ्टवेअरला सापडत नाही ती कुठं तरी टाकावी लागते. लॉस एंजलिस पोलिसांच्या ऑनलाइन नकाशात अशा नोंदी सिटी हॉलजवळच्या एकाच बिंदूवर जाऊन पडत होत्या, २००९ साली पेपरवाल्यांनी ते उघड केलं. नकाशा बघणाऱ्याला वाटणार, काय भयंकर कोपरा आहे हा! हॉस्पिटलचं तसंच, मारामारी होते दुसरीकडे, जखमी माणूस तिथं पोचतो, कॉल हॉस्पिटलमधून जातो, ठिपका हॉस्पिटलवर. पोलीस ठाण्यात जाऊन दिलेल्या तक्रारी ठाण्याच्याच पत्त्यावर चढलेल्याही पाहिल्यात. बरेच सार्वजनिक नकाशे तर प्रायव्हसीसाठी मुद्दामच ठिपका ब्लॉकच्या मध्यावर सरकवतात, त्यामुळे 'आमच्या दारात' आणि 'समोरच्या दुकानात' हा फरक तिथं दिसणारच नाही. मूळ नोंद मागवावी लागते.

मग वेळ. ह्यात लोक हमखास फसतात. समजा गाडीची काच फोडून आतलं सामान नेलं. मालकानं रात्री १०ला गाडी लावली, सकाळी ७ला खाली आला तेव्हा काच फुटलेली. गुन्हा कधी घडला? कुणालाच माहीत नाही, मधल्या ९ तासांत कधीतरी. आता रिपोर्ट करणाऱ्यानं जर 'कळवल्याची वेळ' धरून आलेख काढला तर सकाळी ७ला मोठा सुळका दिसतो, आणि मॅनेजर बिचारा सकाळच्या पाळीला जादा गार्ड लावतो, ज्या वेळी चोर घरी जाऊन झोपलेला असतो. ह्यावर रॅटक्लिफ आणि मॅककुलाघ ह्यांनी १९९८ साली साधा उपाय मांडला, की तो एक गुन्हा ९ तासांवर वाटून टाका, प्रत्येक तासाला एक नवमांश. अशा पन्नास-साठ नोंदी एकावर एक रचल्या की खरी गर्दी कुठल्या तासात आहे ते वर येतं. एक्सेलमध्ये अर्ध्या दिवसाचं काम, पण करतंय कोण.

आणि भागाकार! ४०० घरांच्या कॉम्प्लेक्समध्ये ४० घरांच्या कॉम्प्लेक्सपेक्षा जास्त गुन्हे असणारच की. घरफोडीला घरांनी भागा, गाडीचोरीला पार्किंगच्या जागांनी, मॉलमधल्या लुटीला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी. मॉलच्या एरियात राहणारे लोक मोजके, त्यांनी भागलं तर गुन्ह्यांचा दर आभाळाला भिडतो. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा शहरानं मोटेलांचा प्रश्न असाच सोडवला. प्रत्येक मोटेलचे खोलीमागे वर्षाला पोलिसांना किती कॉल्स, हा आकडा काढला, मग एकाच रस्त्यावरच्या, सारख्याच दिसणाऱ्या मोटेलांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. २००६ साली त्यावर स्थानिक कायदा केला, दरवर्षी परवाना, आणि कॉल्स फार असतील तर परवान्यावरच टाच. एरियाला दोष देऊन सुटायची सोयच गेली.

---

खवचट

एवढं कशाला, चार कॅमेरे लावा, 'तुम्ही निगराणीखाली आहात' अशी पाटी लावा आणि मोकळे व्हा. आमच्या ओळखीच्या एका ऑफिस कॉम्प्लेक्सनं हेच केलं, दुसऱ्या वर्षी चोऱ्या निम्म्यावर.

---

आकडेमोड

खवचटराव, कॅमेरे कधी लावले? सगळ्यात वाईट वर्ष गेल्यावरच ना? सगळ्यात वाईट वर्षानंतरचं वर्ष बरंच असतं बहुधा, कॅमेरे लावा नाहीतर नका लावू. छोट्या जागेत वर्षाला ४ चोऱ्या, मग ९, मग ५, हे असं आपोआपच वरखाली होत असतं. म्हणून तशाच पण कॅमेरा न लावलेल्या जागेशी ताडून बघायचं. कॅमेऱ्यांचा उपयोग नाही असं म्हणत नाहीये, वेल्श आणि फॅरिंग्टन ह्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पार्किंगमध्ये चांगला फरक दिसला, बाकी ठिकाणी तितका नाही. आणि हिंसक गुन्ह्यांवर कॅमेऱ्याचा परिणाम फारसा दिसतच नाही, दारू पिऊन हाणामारी करणारा वर बघून कॅमेरा शोधत नाही.

---

बिनपगारी वकील

धागा आवडला, माझाही प्रांत आहे म्हणून लिहितो. (सल्ला समजू नये, राज्यागणिक कायदा बदलतो.)

तिसऱ्याच माणसानं केलेल्या गुन्ह्यासाठी मालक जबाबदार कसा, हा मूळ प्रश्न. जुना नियम सरळ होता, नाही. तो मोडला १९७०च्या क्लाइन खटल्यानं, वॉशिंग्टन डीसीचा. क्लाइन बाई १९५९ साली भाडेकरू म्हणून बिल्डिंगमध्ये राहायला आल्या तेव्हा दारावर चोवीस तास माणूस होता. हळूहळू तो काढला, गॅरेजची आणि बाजूच्या दाराची राखणही गेली. इकडे कॉमन पॅसेजमध्ये हल्ले आणि लूटमार वाढत होती, मालकाला माहीत होतं. १९६६ साली बाईंवर पॅसेजमध्ये हल्ला झाला, आणि त्याच्या दोनच महिने आधी त्याच पॅसेजमध्ये दुसऱ्या भाडेकरू बाईवर तसाच हल्ला झालेला होता. कोर्ट म्हणालं, कॉमन जागा तुझ्या ताब्यात आहे, काय चाललंय तुला माहीत आहे, कुलूप-दार दुरुस्त करणं भाडेकरूच्या हातात नाही, तेव्हा वाजवी काळजी घेणं तुझं काम.

तिथून पुढं सगळा वाद एका गोष्टीवर, हे घडू शकेल ह्याचा मालकाला आधी अंदाज यायला हवा होता का. आणि इथंच आकडे कोर्टात शिरतात. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टानं १९९८च्या टिंबरवॉक खटल्यात पाच गोष्टी बघायला सांगितल्या: आधीचे गुन्हे किती जवळ घडले, किती अलीकडे, किती वेळा, ह्या गुन्ह्याशी किती मिळतेजुळते, आणि मालकाच्या कानावर जाण्याइतके गाजले होते का. गाड्यांच्या काचा फुटत होत्या म्हणून घरात घुसून हल्ला होईल हे ओळखायला हवं होतं, असं म्हणता येत नाही. त्या खटल्यात मालक सुटला.

आकडेमोड ह्यांचा एरिया विरुद्ध पत्ता हा मुद्दा तर कोर्टातच आलेला आहे. लुइझियाना, १९९९, पोसेकाय विरुद्ध वॉलमार्ट. वॉलमार्टच्याच सॅम्स क्लब ह्या दुकानाच्या पार्किंगमध्ये दिवसाउजेडी बाईला बंदूक दाखवून दागिने लुटले. आधीच्या साडेसहा वर्षांत खुद्द त्या दुकानाच्या आवारात असे गुन्हे ३, आणि त्याच ब्लॉकमधल्या १३ धंद्यांवर मिळून ८३. वादीचा वकील ८३ धरून बसला, कोर्टानं ३ कडे बघितलं, शिवाय दुकानात रोज येणारी गर्दी बघितली, आणि म्हणालं पार्किंगमध्ये गार्ड ठेवण्याचं बंधन ह्यावरून येत नाही. लक्षात घ्या, दोन्ही आकडे खरे होते.

उपाय जितका महाग, तितका अंदाजही पक्का लागतो, हे कॅलिफोर्नियानं १९९३च्या ॲन एम. खटल्यात सांगून ठेवलंय. गार्ड नेमायला लावायचा तर तिथंच आधी तसेच गुन्हे घडलेले दाखवा. दिव्याचा बल्ब बदलायला एवढा पुरावा लागत नाही.

---

चौथा मजला

बापरे, ८३ आणि ३ वाचून जरा दचकायलाच झालं. पण मग सरळ प्रश्न विचारते. जर 'माहीत होतं' हाच फास असेल तर आम्ही हे आकडे काढूच नयेत ना? काढले आणि मीटिंगच्या मिनिट्समध्ये आले की उद्या तोच कागद आमच्याविरुद्ध. आमच्याकडचे एक ज्येष्ठ सभासद नेमकं हेच म्हणतात, 'न बघितलेलं बरं'.

---

खवचट

ज्येष्ठ सभासदांशी सहमत. 😀

---

बिनपगारी वकील

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो, फक्त वकिलाच्या केबिनचं दार लावून. कसोटी 'माहीत होतं' एवढीच नाहीये, 'माहीत असायला हवं होतं' अशीही आहे. तुमच्याच आवारात पाच वेळा पोलीस आले, भाडेकरूंनी ईमेल लिहिले, गार्डच्या वहीत नोंदी आहेत, तर तुम्ही नकाशा काढला नाही म्हणून ते गायब होत नाही. समोरचा वकील पोलिसांकडून सगळ्या नोंदी मागवतो आणि कोर्टात तोच नकाशा काढून दाखवतो, आणि मग विचारतो, हे दहा मिनिटांत मिळतं, तुम्ही कधी बघितलं का? तिथं 'नाही' हे उत्तर फार वाईट दिसतं.

पण तुमच्या सभासदांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे, तेही सांगतो. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे बघितलं, कन्सल्टंटनं लिहून दिलं की मागचं गेट दुरुस्त करा, आणि दीड वर्ष काहीच केलं नाही. तो रिपोर्ट वादीला फुकटात मिळालेला साक्षीदार. तेव्हा करायची तयारी असेल तरच आकडे काढा असं मी नाही म्हणणार, आकडे काढा आणि प्रत्येक शिफारशीसमोर लिहा, केलं, अमुक तारखेला करणार, किंवा करत नाही आणि का नाही. 'का नाही'ला सुद्धा किंमत असते, कारण मापदंड वाजवी काळजीचा आहे, किल्ला बांधण्याचा नाही.

काही राज्यांनी तर हे लिहूनच टाकलंय. फ्लोरिडानं २०२३ साली कायदा केला, पाच किंवा जास्त घरांच्या बिल्डिंगच्या मालकानं ठरावीक गोष्टी केल्या तर तो जबाबदार नाही असं कोर्ट गृहीत धरून चालतं. त्या गोष्टी अगदी मोजूनमापून दिल्यात: येण्याजाण्याच्या दारांवर कॅमेरे आणि फुटेज निदान ३० दिवस, पार्किंगमध्ये संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सरासरी १.८ फूट-कँडल (उजेडाचं माप) इतका उजेड आणि तो जमिनीपासून १८ इंचांवर मोजलेला, दाराला निदान १ इंचाचा डेडबोल्ट (चौकटीत सरकणारा पक्का बोल्ट), स्विमिंग पूलचं गेट बंद, शिवाय परिसराच्या रचनेचं सुरक्षा ऑडिट तीन वर्षांच्या आतलं. जॉर्जियानं २०२५ साली उलट बाजूनं केलं, कुठले आधीचे गुन्हे मोजायचे तेच आखून दिलं, तुमचं आवार, लागूनची जागा, आणि ५०० यार्डांच्या आतलं. चौथा मजलाताई, तुमचं अर्ध्या मैलाचं वर्तुळ म्हणजे ८८० यार्ड, तिथं जरा मोठंच झालं.

---

ओवी

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकतेय ती बोलते. हे सगळं पोलिसांच्या नोंदींवर उभं आहे, आणि नोंद होतेच कितीची? अमेरिकेत घरोघरी जाऊन जो सर्व्हे करतात त्यात दरवर्षी दिसतं की हिंसक गुन्ह्यांतले निम्म्याच्या आसपासच पोलिसांपर्यंत जातात, मालमत्तेच्या गुन्ह्यांतले तर साधारण एक तृतीयांश. गाडी चोरीला गेली की लोक लगेच कळवतात, विम्याला कागद लागतो ना. लैंगिक हल्ल्यांचं बरोबर उलटं. म्हणजे तुमच्या नकाशावर गाड्या भरपूर आणि बायकांवरचे हल्ले तुरळक, आणि त्यावरून ठरणार की इथं कशाचा 'अंदाज यायला हवा' होता?

दुसरं, जिथं पोलिसांची गस्त जास्त तिथं ड्रग्जच्या केसेस जास्त. मग तो एरिया लाल, विमा महाग, दुकानं जातात, रस्ता ओसाड पडतो. आकडे निष्पाप नसतात.

---

आकडेमोड

ओवी, पूर्ण मान्य, आणि म्हणूनच मी एरिया स्कोअरवर खार खाऊन आहे. ड्रग्ज, दारू, भटकणं असले पोलिसांनी शोधून काढलेले गुन्हे मी जोखमीच्या हिशेबात घेतच नाही, फक्त कुणीतरी कळवलेले घेतो. न कळवलेल्याचं काय, तर तिथं पोलिसांच्या बाहेरचे कागद बघायचे, भाडेकरूंच्या तक्रारी, घर सोडताना दिलेली कारणं, नोकरी सोडणाऱ्या रात्रपाळीच्या बायकांशी बोलणं. कोर्टात ह्याला आकड्याइतकं वजन नसेल पण जागा कळते.

आणि कॉल्स आणि गुन्हे हे वेगळे, हेही लिहायचं राहिलं. एका भांडणाला पाच शेजाऱ्यांनी फोन केला तर पाच कॉल्स, गुन्हा एक, किंवा एकही नाही. वादीचा वकील कॉल्स मोजतो, मालकाचा वकील गुन्हे. २०२१ची तुलना तर करूच नका, त्या वर्षी एफबीआयनं देशभरचे गुन्हे मोजायची जुनी पद्धत बंद करून नवी आणली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजलिससारख्या शहरांचा डेटाच त्यात आला नाही. जुन्या पद्धतीत एका घटनेतला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजायचे, नव्यात सगळे. म्हणजे शहरात काही न बदलता आकडा वाढू शकतो.

---

पहारेकरी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, वाचनमात्र होतो. मी सिक्युरिटीत बरीच वर्षं काढली, आधी गार्ड मग सुपरवायझर. तुमचे नकाशे ठीक आहेत पण आमची वही कुणी मागत नाही ह्याचं वाईट वाटतं. रात्रीच्या फेरीची वही असते त्यात लिहिलेलं असतं 'जिन्याच्या दाराला वीट लावून ठेवलेली, काढली'. दुसऱ्या रात्री परत तेच. तिसऱ्या रात्री परत. वीट कोण ठेवतं? सिगारेट ओढायला खाली येणारे लोक, चावी परत परत लावायचा कंटाळा. चोराला नकाशा नको, त्याला ती वीट दिसते. आणि मेंटेनन्सची तक्रार यादी वेगळ्याच माणसाकडे, तिथं लिहिलेलं 'दाराचा क्लोजर सैल', म्हणजे दार आपोआप लावणारा दांडा ढिला. दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

अर्थात वह्यांमधे थापाही असतात हेही सांगतो. पूर्ण महिना एकाच पेनानं, एकाच हातानं, दर तासाला 'सर्व ठीक' लिहिलेलं असेल तर ती फेरी झालेली नाही समजा.

---

आकडेमोड

पहारेकरी, तुमचा प्रतिसाद माझ्या अख्ख्या धाग्याला भारी आहे. एका कामात आम्ही हेच केलं होतं, दुरुस्तीच्या तक्रारींच्या तारखा एका रांगेत आणि घरफोड्यांच्या तारखा दुसऱ्या रांगेत. गाडीचं गेट नादुरुस्त होतं तेव्हाचे आठवडे आणि घरफोड्यांचे आठवडे बऱ्यापैकी एकावर एक बसले. पोलिसांच्या नकाशावरून हे कधीच कळलं नसतं. शिवाय एक घर फुटलं की पुढचे एक-दोन आठवडे आसपासच्या घरांना धोका वाढतो हे बऱ्याच देशांत दिसलेलं आहे, तेव्हा पहिल्या घरफोडीनंतर लगेच शेजाऱ्यांना कळवणं आणि ते दार त्याच दिवशी दुरुस्त करणं, एवढ्यानं खूप होतं. त्याला कुठला स्कोअर लागत नाही.

---

खवचट

बरं, भारतात ह्यातलं काही चालतं का? का इथं मालक नेहमीच सुटतो?

---

बिनपगारी वकील

पत्त्याच्या पातळीवरचा डेटा हीच अडचण. एनसीआरबी म्हणजे केंद्राचा गुन्हे नोंद विभाग, तो आता काढतो तो वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतोय (एनसीआरबी स्वतः १९८६चं), पण तो राज्य, जिल्हा, मोठी शहरं इथपर्यंत. आणि तिथंही एका एफआयआरमधला मुख्य गुन्हाच मोजतात. त्यामुळे अमुक बिल्डिंगच्या आवारात आधी काय घडलं हे आकड्यांवरून सिद्ध करायचं तर ठाण्यातल्या नोंदी आणि बिल्डिंगचे स्वतःचे कागद, बस.

जबाबदारी मात्र येते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या केसमध्ये पाहुण्यानं गाडीची चावी व्हॅलेला (गाडी पार्क करून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाला) दिली, १९९८ साली गाडी हॉटेलातून चोरीला गेली, पावतीवर 'गाडीमालकाच्या जोखमीवर' छापलेलं होतं. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गाडी ताब्यात घेतलीत तर काळजी घेतल्याचं तुम्ही दाखवा, स्वतःच्या निष्काळजीपणातून असं छापून सुटता येत नाही. तो वाद ताब्यात घेतलेल्या वस्तूचा आहे, क्लाइनसारखा नाही, पण पाटी लावून मोकळे व्हा म्हणणाऱ्यांसाठी उपयोगी आहे. 😉

---

चौथा मजला

धन्यवाद सगळ्यांना. वर्तुळ लहान करतेय, पोलिसांकडून आमच्या पत्त्याच्या तीन वर्षांच्या मूळ नोंदी मागवते, आणि गार्डची वही आणि मेंटेनन्सची यादी एकत्र आणायला सांगते. शेवटचा प्रश्न, फुटेज ३० दिवस ठेवतो आम्ही, मग वरून आपोआप पुसलं जातं. काही घटना घडली तर तेवढं पुरे का?

---

बिनपगारी वकील

घटना घडली त्याच दिवशी आपोआप पुसणं थांबवा आणि कॉपी काढून ठेवा, दावा येईल असं वाटत नसलं तरी. फक्त घटनेची दहा मिनिटं नको, आधीचे आणि नंतरचे काही तास, आणि सगळ्या कॅमेऱ्यांचं. गार्डची त्या रात्रीची वही, ड्युटीचा तक्ता आणि गेटच्या कार्डांची नोंद पण. नोटीस यायला महिने लागतात, तोवर मशीन त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढवून मोकळं झालेलं असतं, आणि मग ज्यूरीला सांगता येतं की ह्यांनी पुरावा जाऊ दिला, म्हणजे तो ह्यांच्याविरुद्धच असणार. कॉपी कुणी, कधी काढली ते सहीनिशी लिहून ठेवा.

---

पहारेकरी

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का ते आजच बघा ताई. आमच्याकडे एकाचं पाऊण तास मागे होतं.